बर्फाच्या गाडीच्या फटी

९ ऑक्टोबर २००४

स्वराजचा फोन — आणि तोही वर्कशॉपच्या नंबरवर! सहा वर्षांत पहिल्यांदा. एरवी घरी करतो, दुपारी, नाना जेवून आडवे झाले की. माझ्याशी बोलतो, महेशशी बोलतो, ठेवतो. आज थेट मला, या द्वारकेला. "वहिनी, दीर म्हणून नाही, गिऱ्हाईक म्हणून बोलतोय. ऑर्डर आहे."

मनालीत त्याने दोन सेकंडहँड स्नो स्कूटर घेतल्यात. बर्फावर चालतात म्हणे. टुरिस्टांना फेऱ्या मारायच्या. रोज सकाळी गावातून वर उतारापर्यंत न्यायच्या, संध्याकाळी परत आणायच्या. त्यासाठी जीपमागे जोडायचा ट्रेलर हवाय. मी म्हटलं, अरे बाबा, तिकडे कोणी बनवत नाही का? म्हणाला, "बनवतात. पण महिन्याभरात दार लोंबतं. आपल्याकडचं लोंबत नाही."

आपल्याकडचं म्हणाला!

महेशला सांगितलं. नवरा माझा शहाणा. "तू बघ सगळं. बाप आणि भाऊ, मी मध्ये पडत नाही." आणि गेला लासलगावला, ट्रॉल्यांच्या ऑर्डरी आणायला. आता सासऱ्यांना, नानांना सांगणार कोण? मीच.

११ ऑक्टोबर

सांगितलं. नाना फळीला रंधा मारत होते. हात थांबला नाही.

सहा वर्षांपूर्वी पंधरा दिवसांचा डोंगर चढायचा कोर्स म्हणून स्वराज गेला तो तिकडचाच झाला. लग्नही तिकडेच. आम्हाला फोटो आला, तोही तीन महिन्यांनी. इकडे नानांनी ट्रकच्या बॉड्यांच्या या वर्कशॉपसाठी स्वतःच्या नावाचा बोर्ड स्वतःच्या हाताने रंगवून ठेवला होता — 'पुंजाराम आणि मुलगे, बॉडी बिल्डर्स'. तो बोर्ड अजून मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभा आहे. कोणी हलवत नाही.

फळी उलटी करून म्हणाले, "गिऱ्हाईक हाय ना? मग गिऱ्हाइकासारखं माप घे."

१६ ऑक्टोबर

मापांचा फॅक्स आला. फोटो काळाकुट्ट. पुढे दोन फळ्या, मागे रबरी पट्टा, मध्ये सीट. नानांनी चष्मा वर-खाली करून पाहिला. "ही गाडी हाय का घसरगुंडी?"

१८ ऑक्टोबर

आमचे वेल्डर सलाउद्दीनभाई, त्यांनी जमिनीवर खडूने दोन स्कूटर काढल्या. एकेक दहा फूट लांब, पुढे चार फूट रुंद. शेजारी शेजारी ठेवल्या तर ट्रेलर साडेआठ फूट — घाटाच्या वळणात समोरून बस आली की संपलं. एकामागे एक ठेवल्या तर रेल्वेचा डबा. सलाउद्दीनभाई खडूच्या स्कूटरवर मांडी घालून बसले आणि हँडल फिरवू लागले. सगळं वर्कशॉप हसलं. नानासुद्धा, पण तोंड फिरवून.

दुपारी मला सुचलं. पुढून रुंद, मागून अरुंद — मग एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे! एका गादीवर दोन पोरं उलटसुलट झोपतात तशी. पुन्हा खडू. साडेसहा फुटांत बसल्या. सलाउद्दीनभाई म्हणाले, "भाभी, आप इंजिनियर बनना था." मी दिवसभर उगाच तरंगत होते.

२५ ऑक्टोबर

उघडा की बंद — आठ दिवस हेच. उघडा हलका, चढाला बरा. नाना म्हणतात उघडाच. स्वराज म्हणतो, "वहिनी, तुम्हीच ठरवा." मी ठरवलं — बंद. रात्रभर बाहेर उभ्या राहिल्या तर सकाळी सीटवरून बर्फ खरवडत बसणार का तो? शिवाय चोऱ्या. बंद पत्र्याचा डबा, आतून प्लायवुड, मागचं दार खाली पडून त्याचाच उतार व्हायचा. एकच धुरा.

नानांनी ऐकलं. "बंद करती तर कर. पण खालून श्वास ठेव."

१३ नोव्हेंबर

पाडवा. महेशला ओवाळलं. स्वराजचा फोन दुपारीच. नाना झोपले होते — की पडून होते, देव जाणे.

२२ नोव्हेंबर

डबा उभा राहिला. देखणा झालाय! पण दोन्ही बाजूंना खाली, तळाशी, चार चार बोटांच्या लांबलचक फटी. नानांनी न विचारता ठेवल्या. ट्रकच्या बॉड्या करायच्या आधी वीस वर्षं त्यांनी देवळ्याकडे कांदाचाळी बांधल्या. चाळीला खालून हवा लागते, नाहीतर कांदा घाम धरतो आणि सडतो. त्यामुळे नानांना कुठलीही बंद वस्तू बघवत नाही. आमच्या देव्हाऱ्याच्या कपाटालाही त्यांनी भोकं पाडलीत!

फोटो फॅक्सने पाठवला. स्वराज भडकला. "वहिनी, हा कांदा नाही! तिकडे वारा बर्फाचा भुगा आत ढकलतो. पत्रा मारून घ्या. त्यांना कधी तरी समोरच्याचं ऐकू दे."

२४ नोव्हेंबर

सलाउद्दीनभाईंना म्हटलं, पत्रा मारा. ते टोपी काढून डोकं खाजवत राहिले. "भाभी, मैं मारूंगा. शाम को नाना निकालेंगे. फिर मैं मारूंगा. बाप-बेटे के बीच मेरा वेल्डिंग रॉड क्यूं जलाते?"

मग नानांशी मीच बोलले. जरा चढ्या आवाजात, खरं सांगायचं तर. बर्फ आत जाईल, मशीन खराब होईल, त्याचं पोट आहे त्यावर. नाना म्हणाले, "आन् कांदे कसे जातील मग?"

कसले कांदे?

"रिकामी गाडी धाडती का लेकाच्या दारी? शेजारणीची वाटी तरी रिकामी देती का तू? सहा गोण्या भरायच्या. सहा दिवसांचा रस्ता. हवा नाय लागली तर कोंब येतील."

लेकाच्या दारी म्हणाले. सहा वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.  पत्र्याचा विषय मी तिथेच सोडला.

२५ नोव्हेंबर

स्वराजला फोनवर सांगितलं — मारला पत्रा. खोटं! चक्क खोटं बोलले.

३ डिसेंबर

पेंटर मुबीन विचारतोय, मागे काय लिहू? आमच्याकडून कोरी गाडी कधी गेलेली नाही. 'आई-वडिलांचा आशीर्वाद' तर तो डोळे मिटून लिहितो. स्वराजला विचारलं.  "काही नको. कोरं ठेवा."

मुबीनला वाटलं माझ्याच ऐकण्यात चूक झाली. नाना जवळच होते. उठून पाणी प्यायला गेले.

१० डिसेंबर

स्वराजचा ड्रायव्हर जीप घेऊन आला. लाल गालांचा, कमी बोलणारा. मिसळ खाऊन त्याच्या डोळ्यांतून धारा. तरी दुसरी प्लेट घेतली.

नानांनी स्वतः उभं राहून गोण्या भरल्या. कांदा निवडक, एकेक हातात घेऊन पाहिलेला. नारळ फोडला. ड्रायव्हरला त्यांच्या हिंदीत तीनदा बजावलं, "नीचे का फट बुजवू नको. क्या?" तो "हां जी" म्हणाला. नाना गाडी वळणाआड जाईपर्यंत रस्त्यावर, धुळीत.

 तिकडे पोचल्यावर काय होणार, मला ठाऊक आहे.

१७ डिसेंबर

झालं. "वहिनी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं.

२० डिसेंबर

फोन मीच केला. कांद्यांचं विचारलं तर म्हणाला, चांगले आहेत. फटींत रिकामं गोणपाट ठोसून ठोसून भरलंय म्हणे. मी सांगणार होते — नानांनी लेक म्हटलं. पण तो घाईत होता, आणि मी भित्री.

९ जानेवारी २००५

नाशकात कडाका. नाना शेकोटीजवळ. "गिऱ्हाइकाचं काय म्हणणं?" मी म्हटलं, गाडी छान चाललीय. मान डोलावली. मला माझीच लाज वाटली.

२८ जानेवारी

स्वराजचा महिनाभर फोन नाही. महेशही म्हणाला, "कशाला खोटं बोललीस?" त्याला काय! मध्ये पडत नाही म्हणणारा माणूस.

८ फेब्रुवारी

टीव्हीवर तिकडचा बर्फ. रस्ते बंद. स्वराजच्या घरी फोन लागला तर जाऊबाई — काल दुपारी जीप आणि ट्रेलर घेऊन निघाला, पोचला नाही. रडत होती बिचारी. नाना बातम्या संपल्या तरी टीव्हीसमोरून हलले नाहीत. जेवले नाहीत.

९ फेब्रुवारी

काही कळत नाही. देवापुढे दिवा. दुसरं काय करणार?

१० फेब्रुवारी

स्वराजचा आवाज! सकाळी अकराला, वर्कशॉपच्याच नंबरवर.

स्कूटर वरच ठेवून रिकामा ट्रेलर घेऊन उतरत होता. पुढे कडा कोसळला, मागेही. जीपमध्ये थंडी सोसेना म्हणून तो, ड्रायव्हर आणि वाटेतला एक म्हातारा ट्रेलरमध्ये शिरले. चहाची कोळशाची शेगडी पेटवली, दार लावून घेतलं. ऊब आली. थोड्या वेळाने डोकं जड. म्हाताऱ्याला उलटी झाली. ड्रायव्हर पेंगायला लागला. "वहिनी, मला एकदम चाळ आठवली. लहानपणी मी चाळ गोणपाटाने बंद करून आत लपलो होतो, तर 'श्वास कोंडून मरशील' म्हणत नानांनी आयुष्यात एकदाच मला मारलं होतं. मी रांगत गेलो आणि सगळं गोणपाट उपसून काढलं." दोन्हीकडून वारा आत आला. कुडकुडत, ट्रेलरच्या कोपऱ्यात उरलेल्या गोणीतले कांदे भाजून खात तिघांनी दोन रात्री काढल्या. पुढच्या बंद व्हॅनमध्ये शेगडी घेऊन बसलेले दोघे बेशुद्ध सापडले. दवाखान्यात आहेत, वाचतील म्हणतात.

 मी म्हटलं, स्वराज, मी तुझ्याशी खोटं बोलले रे. तो म्हणाला, "बरं केलंत."  मग — "नाना आहेत तिथे?"

नानांनी रिसिव्हर दोन्ही हातांनी धरला.  म्हणाले, "कांदे संपले का?"

पलीकडे स्वराज रडत होता. मला इथपर्यंत ऐकू आलं.

१३ फेब्रुवारी

स्वराजचा फॅक्स, दोन ओळी. 'गाडीची मागची बाजू कोरी आहे. इथे मराठी लिहिणारा कोणी नाही, नानांनाच पाठवा.' नानांनी तो दोनदा वाचायला लावला. मग मागच्या खोलीत जाऊन बोर्ड फिरवला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि मला हाक मारून विचारलं — माझा स्वेटर कुठं ठेवलाय गं?