झिऱ्याच्या रांगेचे वारस

मी, देवराम लखमा भोये, वय बाहत्तर, तहसील कचेरीतून निवृत्त झालेला अव्वल कारकून, राहणार उंबरपाडा, तालुका जव्हार, जिल्हा ठाणे, कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. चिरंजीव सुदर्शन यांना तो पटणार नाही; पण त्यांना पटवण्यासाठी तो घेतलेला नाही. गावाला पाणी पाझरणाऱ्या झिऱ्याची जमीन महाबाजार कंपनीला द्यायला मी नकार दिला, तेव्हा ते म्हणाले, "राहू द्या, बाबा. परवानग्यांचं कंपनी बघते. आणि तुमच्यामागे सही माझीच आहे." म्हणून हा कागद.

१. राहते घर मुलगी निशा हिला. ती मोखाड्याला शिक्षिका आहे. तिने कौले बदलावीत, पत्रे टाकू नयेत; पावसात रेडिओ ऐकू येत नाही.

२. बँकेतील शिल्लक दोन्ही मुलांना सारखी. बाराव्याचे जेवण साधे ठेवावे. सरपंचांना बोलावण्याची गरज नाही. ते येतील आणि भाषणही करतील.

३. झिऱ्याच्या खालच्या अंगाचा खडकाळ तुकडा सुदर्शन यांना. कंपनीला मी हाच देऊ केला होता. दुकानांशी माझे वैर नाही. जव्हारला पायाला न चावणाऱ्या चपला मिळाव्यात ही माझी जुनी इच्छा आहे. पण खडक फोडायला खर्च येतो आणि झिरा बुजवायला येत नाही, असे कंपनीच्या साहेबांनी मला समजावले. त्यांच्या नकाशात झिऱ्यावर गाड्या उभ्या करण्याची जागा आहे, आणि बाजाराच्या आत गिऱ्हाइकांच्या करमणुकीसाठी नकली धबधबा. खाली छापले आहे, 'विकास व पर्यावरण यांचा समतोल'. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात नाशिककडे झाडे लावणार आहेत. आमच्या बायकांनी सावलीला तिकडे जावे.

४. झिऱ्याची जमीन मी माझ्या पगारातून घेतली. वैशाखात तिथे पाणी थेंबथेंब साठते. बायका पहाटे ते करवंटीने उपसतात, मग रिकामे हंडे रांगेत लावून कामाला जातात. प्रत्येक घराची जागा ठरलेली. सासवा-सुना एकमेकींचे केस ओढतील, पण दुसरीचा हंडा हलवणार नाहीत.

गेल्या वैशाखात पर्यावरणाची पाहणी करणारे साहेब भर दुपारी आले. खड्डा कोरडा, शेजारी भांडी. अहवालात लिहिले, 'पाण्याचा स्रोत आढळला नाही. जागेचा वापर भंगार टाकण्यासाठी होतो.' मोजणीला अडचण नको म्हणून भंगार बाजूला फेकले. कंपनीचे जमीन खरेदीचे अधिकारी म्हणून सुदर्शन त्या साहेबांवर छत्री धरून उभे होते.

तेवढ्यात शेजारची हिरी आली. "आमचं हंडं कोनी हालवलं रं? तुझ्या बापाची रांग हाय का?"

"मावशी, जमीन बापाचीच आहे."

"मंग बापाला इचार. तो बी रांगंतच असतो!"

हे खरे आहे. पत्नी गौरा गेल्यापासून तिच्या जागी हंडा मीच लावतो. पहिल्या दिवशी बायका तोंडाला पदर लावून हसल्या. "भाऊ, बायकांच्या रांगंत लाज नाय वाटत?" मी म्हणालो, "तहान लागली की वाटत नाही." त्यानंतर तिची जागा कोणी घेतली नाही.

त्या दुपारी गौराचा तांब्याचा हंडा गडगडत ओहोळात गेला. सुदर्शनने तो उचलून ढिगात टाकला. लहानपणी त्याची अंघोळ त्याच हंड्यातल्या पाण्याने होत असे. त्याने ओळखला नाही.

५. सबब, झिऱ्याची जमीन मी त्या रांगेत हंडा लावणाऱ्या सर्व बायकांना सामाईक व अविभक्त देत आहे. नावे मागील पानावर आहेत. सातबाऱ्यावर नावे वाढली की जमीन विकता विकली जात नाही, हे पाहण्यात माझी सारी नोकरी गेली. लोकांच्या हातून हे चुकून होते. मी समजून-उमजून करत आहे. हंडा कोणाच्या मागे कोणाचा, एवढे सोडून या बायकांचे आजवर कशावरही एकमत झालेले नाही. कंपनीने सर्वांच्या सह्या अवश्य मिळवाव्यात. सुरुवात हिरीपासून करावी.

६. पाहणीच्या साहेबांना माझी करवंटी. पुढच्या वेळी पहाटे यावे.

७. गौराचा हंडा, पोचा न काढता, सुदर्शनला. सोबत रांगेतली तिची जागा आणि जमिनीतला त्या जागेचा हिस्सा. मागील पानावर शेवटचे नाव त्याचे आहे. हंडा लावल्यावर त्याने राखण करत उन्हात थांबू नये. घरी जावे. रांगेतला हंडा कोणी हलवत नाही.

वरील मजकूर मी साक्षीदारांना वाचून दाखवला व त्यांच्यासमक्ष सही केली. हिस्सेदार असल्याने हिरीला साक्षीदार केलेले नाही. तरी ती पूर्ण वेळ हजर होती व बोलत होती.

ठिकाण : उंबरपाडा, ता. जव्हार
दिनांक : १७ मे २००८

(सही) देवराम लखमा भोये

साक्षीदार :
१. (सही) तुका सोमा गावित, निवृत्त पोस्टमन
२. (सही) डॉ. कमलेश चौधरी, जव्हार