वन्सं, तुमच्या भावाने मला सामान्य म्हटलं

ती. वन्संना धाकट्या भावजयीचा वाकून (कंबर वाकते तेवढाच) नमस्कार.

गुडघे कसे आहेत? डॉक्टरने दिलेलं तेल चोळता, की नुसतं बाटलीकडे बघता? इकडे देवाच्या दयेने सगळं ठीक, म्हणजे मी ठीक. तुमच्या भावाचं सांगायला पत्र लिहितेय, आणि भाजी गॅसवर आहे, तेव्हा मुद्द्यावर येते.

हे डीकन झाले तेव्हा तुम्ही आनंदाने डोळे पुसलेत. डीकन म्हणजे बायको असलेला अर्धा फादर. बाप्तिस्मा देतील, लग्न लावतील, प्रवचन करतील, पापांची क्षमा तेवढी देता येत नाही (घरात तर मुळीच देत नाहीत). त्याला बायकोची लेखी संमती लागते, म्हणून बोट दाखवलं तिथे मी सही केली. वर्षभर प्रवचनात उदाहरण म्हणून मलाच उभं करणार, हे त्या कागदावर कुठेही नव्हतं!

चर्चचं वर्ष कॅलेंडरच्या आधीच सुरू होतं, आगमनकाळापासून. आगमनकाळ म्हणजे नाताळची धीराने वाट पाहणं. तर हे सांगतात काय, ‘आमच्या घरी कुकरची वाफ जिरायच्या आत झाकणाशी झटापट सुरू होते.’ सगळं चर्च माझ्याकडे वळून हसलं. मग राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू झाला. त्यात काहीतरी सोडायचं असतं, मी राग सोडला. तर तेही सांगितलं, ‘राखेच्या बुधवारी सकाळी सोडला, दुपारी परत आणला.’ आता मासेवाली भर बाजारात विचारते, ‘आज काय सोडलंत, वहिनी?’ (ह्यांचं खोटं काहीच नाही, पण खरं सगळं माइकवरच बोलायचं का?)

हेही गिळलं. पण मोठे सण सरले, तसा ह्यांनी खांद्यावरून बिनसणाच्या दिवसांचा हिरवा पट्टा घातला आणि म्हणाले, ‘आता सामान्यकाळ. सामान्यकाळ म्हणजे, मला विचाराल तर, माझी बायको.’ सामान्य! तेही मी इस्त्री केलेला झगा घालून! मी तिथल्या तिथे उठले. छत्री बाकड्यात अडकली, ओढली तर उघडलीच. उघडी छत्री घेऊनच दाराबाहेर पडले, मिटत बसले असते तर रागाची शोभा गेली असती.

घरी आल्यावर म्हणतात, ‘अगं, पुढचं तरी ऐकायचंस.’ मी म्हटलं, ‘पुढचं बिशपना ऐकवा. आणि पुन्हा माझं नाव काढलंत तर झगा स्वतः धुवा.’ झालं, तीन रविवार प्रवचनात मी नाही. मेंढरं काय, पेरणी काय, दिव्यातलं तेल काय. लोक जांभया देतात. शेजारची शिंपीण मात्र त्या ‘सामान्य’ रविवारपासून माझा हात धरते, डोळ्यांत पाणी आणते आणि म्हणते, ‘नशीबवान गं बाई तू!’

तुम्ही थोरल्या आहात. पत्र लिहून चांगला कान धरा त्यांचा.

तुमची भावजय
(सामान्य)

ता. क. कान फार ओढू नका. बोलणारा माणूस गप्प झाला की घर खायला उठतं.

ता. क. दुसरा. प्रत्येक प्रवचनाची प्रत ते तुम्हाला पाठवतात, ठाऊक आहे मला. ‘माझी बायको’च्या पुढचं तेवढं लिहून पाठवा. शिंपिणीला विचारता येत नाही, दाराआड उभं राहून सगळं ऐकलं असं मी तिला सांगून बसलेय. ह्यांना तर मेले तरी विचारणार नाही. अक्षर मोठं काढा, हे मला दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं नाही.

ता. क. तिसरा. वाईट असेल तर एका ओळीत उरका. चांगलं असेल तर एक शब्द गाळू नका, कितीही लांबलं तरी चालेल.