खुर्चीत बसेल त्याचं बरोबर

२ मार्च, सकाळी ८.१०
नवी वही. कागद जाड, शाई पलीकडे उतरत नाही. आजपासून रोज पेपरातली एक बातमी घ्यायची आणि तिच्यावर माझं स्वतःचं मत लिहायचं. कुणाला दाखवायचं नाही.

कारण काल. जेवताना टीव्हीवर सरकार पडल्याची बातमी चालू होती. बायकोने विचारलं, हे बरं झालं की वाईट? मी म्हटलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, मी तुम्हाला विचारतेय. मी म्हटलं, दोन्ही बाजूंनी विचार करावा लागेल. ती म्हणाली, एकतीस वर्षं करताय, झाला नाही का अजून?

टोमणा होता. पण एकतीस वर्षं सलून चालवतोय, लोकांची मतं ऐकून कान किटलेत. मत नसायला काय झालं? भरपूर आहेत. फक्त लिहून काढायला सवड हवी.

बातमी : सरकार पडलं.
माझं मत :
(गिऱ्हाईक आलं. दुपारी लिहीन.)

३ मार्च
काल दुपारी गर्दी. आज दोन लिहून भरून काढणार.

आधी धंद्याची पद्धत लिहून ठेवतो, म्हणजे पुढे सोपं जाईल. दुकानात दोन पेपर येतात. एक यांच्या बाजूचा, एक त्यांच्या. बाकावर शेजारी शेजारी ठेवतो. येणाऱ्याचा हात कुठल्या पेपरकडे जातो ते आरशातून बघायचं. तो खुर्चीत बसून कपडा गळ्याला बांधेपर्यंत आपलं मत तयार. वस्तरा हातात असताना वाद घालू नये. समोरचा चिडला की मान हलवतो, आणि रक्त आलं तर ते यांचंही नसतं नि त्यांचंही नसतं, माझ्या दुकानाचं नाव खराब होतं.

बायको याला तळ्यात-मळ्यात म्हणते. मी मुत्सद्देगिरी म्हणतो. माझ्यासारखी चार माणसं वर बसली असती तर जगातली निम्मी युद्धं झालीच नसती.

बातमी : पेट्रोल वाढलं.
माझं मत : वाढायला नको होतं. (पण त्यांचीही काही अडचण असेल.)

छान. सुरुवात झाली.

९ मार्च
पाच दिवस खाडा. घरात पाहुणे नव्हते, आजारपण नव्हतं. कारण आठवत नाही.

आज रिटायर्ड सर आले. पूर्वी गणित शिकवायचे, आता सगळ्याच गोष्टींना विरोध करतात. दाढी नको, म्हणाले, सही हवी. आपला रस्ता रुंद करायचा घाट घातलाय. झाडं जाणार, दुकानं जाणार, कंत्राटदार गब्बर होणार. मी म्हटलं, अन्यायच आहे सर. बोटांना साबणाचा फेस होता तो पुसला आणि निषेधाच्या अर्जावर ठसठशीत सही केली. सरांनी पाठ थोपटली. म्हणाले, तुमच्यासारखा कष्टकरी बोलतोय म्हटल्यावर त्यांना ऐकावंच लागेल.

बरं वाटलं. हे झालं माझं मत. वेगळं लिहायची गरज नाही.

११ मार्च
आमच्या वॉर्डाचे मेंबर आले. फुल दाढी, मसाज. अर्धा गाल झाला असताना त्यांनी खिशातून कागद काढला. रुंदीकरणाला नागरिकांचा जाहीर पाठिंबा. म्हणाले, गाव पुढे जायचं तर रस्ता पाहिजे की नको? मी म्हटलं, पाहिजेच. म्हणाले, मग करा.

आता अर्धा गाल फेसात असलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? केली. सही म्हणजे काही मत नव्हे. सही म्हणजे सौजन्य.

शिवाय हिशोब सरळ आहे. सर जिंकले तर मी सरांचा माणूस. मेंबर जिंकले तर मी मेंबरांचा. दोन्ही डगरींवर हात असला की माणूस पडत नाही.

१४ मार्च
नगरपालिकेचे इंजिनिअर साहेब कटिंगला. त्यांना रस्ता आवडतो, चेहऱ्यावरच दिसतं. मी म्हटलं, साहेब, रुंद करायलाच हवा. ते म्हणाले, किती करावा असं तुम्हाला वाटतं? आजवर एवढ्या मोठ्या माणसाने मला काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, साहेब, करताय तर मोकळ्या हाताने करा.

त्यांनी मान डोलावली. कात्री वेळेवर मागे घेतली.

२० मार्च, दुपारी
लाल रंगाचा डबा घेऊन माणूस आला. आमच्या ओळीतल्या पाचही दुकानांवर रेघ मारत गेला. मला वाटलं गटाराची असेल. मी त्याला पाणी दिलं, बाक बाजूला घेतला, आणि कोपऱ्यात रेघ पुसट आली होती तीही दाखवली. त्याने तिथे पुन्हा ब्रश फिरवला.

मग त्याने सांगितलं, रेघेच्या बाहेरचं जाणार.

मोजून बघितलं. रेघ बरोबर खुर्ची आणि आरसा यांच्या मधून जाते. आरसा राहतो. खुर्ची रस्त्यात.

शेजारचे टेलरमास्तर तर पुरतेच गेले. दुकानच सात फूट. बावीस वर्षं आमची मधली भिंत एक आहे. त्यांचं मशीन चालू झालं की माझ्या फळीवरच्या बाटल्या वाजतात. मास्तर आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, घाबरू नका, पाचही जण एकजुटीने हरकत घेऊ. मी म्हटलं, अगदी.

घाबरलो नाही. दोन्हीकडे माझी माणसं आहेत.

२४ मार्च
बायको स्वतः जाऊन हरकतीचा फॉर्म घेऊन आली. मुदत एकतीस तारीख, संध्याकाळी पाच. सामूहिक अर्जावर सही असली तरी प्रत्येकाने आपला वेगळा भरावा, असं तिथल्या क्लार्कने तिला सांगितलं. म्हणाली, चार ओळी लिहायच्यात. म्हटलं, लिहितो. मसुदा नीट व्हायला हवा. कुणी दुखावलं जाता कामा नये.

मसुदा एक : रस्ता व्हावा, परंतु होऊ नये.
मसुदा दोन : रस्ता अवश्य व्हावा, मात्र तो दुसरीकडे असल्यास अधिक बरे.
मसुदा तीन : मी विकासाच्या विरोधात नाही व बाजूनेही नाही.

तिसरा चांगला आहे. जरा घासून पुसून घेतला की झालं. बायकोने वाचला. भांडी घासायला गेली. भांड्यांचा आवाज रोजच्यापेक्षा मोठा होता.

३१ मार्च, संध्याकाळी ६.३०
सगळं ठरलं होतं. चारला दुकान बंद, सव्वाचारला ऑफिसात फॉर्म. साडेतीनला मेंबर दाढीला आले. त्यांच्या पाठोपाठ इंजिनिअर साहेब. त्यांना काय सांगायचं, बसा, तुमच्याविरुद्ध अर्ज देऊन येतो?

साहेब उठले तेव्हा सहाला दहा कमी.

काही बिघडलं नाही. मास्तरांचा फॉर्म गेलाय, बाकी तिघांचेही गेलेत. पाचात चार म्हणजे बहुमत. शिवाय सरांच्या अर्जावर माझी सही आहेच.

बायकोला दिला म्हणून सांगितलं. म्हणजे दिल्यासारखाच आहे, अशा अर्थाने.

८ एप्रिल, सुनावणी
नीट क्रमाने लिहितो.

पांढरा शर्ट. बायको बरोबर. हॉलमध्ये उजवीकडे सर आणि त्यांची मंडळी, डावीकडे मेंबर आणि त्यांची. मी कुठे बसावं ते कळेना, म्हणून दारात उभा राहिलो. मास्तरांनी हाक मारून शेजारी बसवून घेतलं.

सुनावणीला बाहेरचे अधिकारी. ओळख नाही. मला वाटलं होतं कधीतरी कटिंगला आले असतील, पण डोक्यावर एक केस नाही. तिथेच माझा धीर सुटला.

आधी मास्तर बोलले. एरवी माप घेताना आकड्यांपलीकडे न बोलणारा माणूस, पण काय बोलला! बावीस वर्षं त्याच खिडकीशी बसून दोन मुलींची शिक्षणं केली, म्हणाले. पाच दुकानं आहेत आणि पाचही जण एक आहोत, कुणालाही विचारा.

अधिकाऱ्यांनी कागद चाळले आणि मला विचारलं. निषेधाच्या अर्जावर सातव्या क्रमांकाला तुमची सही आहे. पाठिंब्याच्या अर्जावर तिसऱ्या क्रमांकालाही आहे. स्वतंत्र हरकत नाही. यातलं तुमचं खरं मत कुठलं?

बायकोने माझ्याकडे बघितलं. फॉर्मचं तिला तेव्हा कळलं.

मी उभा राहिलो. दुकानात माणूस मला आरशात दिसतो, पाठमोरा असतो. इथे सगळे समोरून बघत होते. सर बघत होते, मेंबर बघत होते. मास्तर तर असे बघत होते, जणू मी आता त्यांचा शब्द राखणारच. एवढंच म्हणायचं होतं की पाडू नका. दोन शब्द. ओठावर आले होते, देवाशप्पथ आले होते.

मी म्हटलं, साहेब, दोघांचंही बरोबर आहे.

हॉल हसला. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं : बाधित दुकानदारांमध्ये एकमत नाही.

मास्तर खाली बसले.

८ एप्रिल, संध्याकाळ
विचार केला तर छाप तशी वाईट पडली नाही. लोक हसले म्हणजे वातावरण सैल झालं. निर्णय अजून यायचाय. अधिकारी हुशार वाटले, बिटवीन द लाइन्स समजून घेतील.

बायको घरी येताना रस्त्याच्या पलीकडून चालली.

१० एप्रिल
मास्तरांनी आज चहा सांगितला नाही. कामात असतील.

१३ एप्रिल
अजून कामात आहेत.

१५ एप्रिल
मीच चहा घेऊन गेलो. त्यांनी घेतला, मशीनवर ठेवला. पाऊण तासाने गेलो तेव्हा साय धरून तसाच होता. पेपरात काय आहे विचारलं तर म्हणाले, तुमच्याकडे दोन येतात, तुम्हालाच माहीत.

बातमी : पडलेलं सरकार पुन्हा आलं, ज्यांना शिव्या देत होते त्यांनाच बरोबर घेऊन.
माझं मत : यांना लाज कशी वाटत नाही?

हे लिहिलं, पुन्हा वाचलं आणि वही मिटली.

३० एप्रिल
निर्णय आला. रेघ तिथेच. विरोध एकमुखी नसल्याने हरकती फेटाळल्या, असं छापलंय. पंधरा दिवसांत जागा रिकामी करा.

मेंबरांना फोन केला. नव्या मार्केटमध्ये गाळ्याचं बघू, म्हणाले. बघू हा शब्द मी स्वतः इतका वापरलाय की त्याचा अर्थ मला कुणी सांगायला नको. सरांना फोन केला. सर म्हणाले, मला तुमचं नाव सातवं दिसलं होतं, तिसरं दिसलं नव्हतं. आणि ठेवला.

ठरवलंय, उद्यापासून कडक व्हायचं. मेंबर आले की तोंडावर सांगणार.

६ मे
मेंबर आले. सांगणारच होतो. पण सर्दी झाली होती त्यांना, बिचारे शिंकत होते. अशा वेळी बोलणं बरं दिसत नाही.

१५ मे
सामान काढलं. खुर्चीचे बोल्ट गंजले होते, दोघांनी जोर लावला तेव्हा सुटले. आरसा काढताना तडकला. रेघेप्रमाणे तो राहायचा होता, पण नुसता आरसा ठेवून कुणाला काय दाखवणार?

मास्तर मशीन उचलत होते. लोखंडी पाय, एकट्याला जड. मी पळत जाऊन दुसरं टोक धरलं. ते म्हणाले, राहू द्या, होईल. रागाने म्हणाले असते तर परवडलं असतं. गिऱ्हाइकाशी बोलतात तसं बोलले. मी टोक सोडलं. मशीन त्यांनी एक एक पाय सरकवत, फरशीवर ओरखडे काढत, दारापर्यंत नेलं. मी बघत उभा होतो. बावीस वर्षांत या माणसाने मला एकदाही विचारलं नव्हतं की तू कुणाच्या बाजूचा. तो धरूनच चालला होता.

घरी आल्यावर बायकोला म्हटलं, चुकलो मी. ती म्हणाली, मला काय सांगताय?

१६ मे
मास्तरांच्या घरी जायचं ठरवलं. उद्या नक्की.

२२ मे
उद्या.

११ जून
रस्ता झाला. काळा कुळकुळीत. मधे पांढरे पट्टे. माझी खुर्ची जिथे होती तिथून बस जाते.

केस कानावर आले म्हणून बायकोने सकाळी घराबाहेर काढलं. आम्ही धंद्यातली माणसं दुकान बंद करून एकमेकांची डोकी करायचो, आपापल्या तंद्रीत, तोंड न उघडता. गिऱ्हाईक म्हणून खुर्चीत बसलो ते आज पहिल्यांदा. पलीकडच्या चौकातलं एसी सलून. चालवणारा मला ओळखत नाही. कपडा बांधताना त्याने विचारलं, काय म्हणता काका, नवा रस्ता बघितला की नाही?

काय झालं कळलं नाही, बांध फुटला. म्हटलं, बघितला. चूक आहे. जिथे कधी दहा गाड्यांच्या वर गर्दी झाली नाही तिथे चार पदरी रस्ता कुणाला हवा होता? पाच दुकानं गेली. शेजारी एक टेलर होता, हातात कसब असं की फाटकं कापड नवं करून द्यायचा. आता घरात पलंगाच्या कडेला मशीन लावून बसतो, अंधारात. त्याचं कुणी ऐकलं नाही. ऐकायला पाहिजे होतं. पाडायला नको होतं, आणि ज्याने त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं त्याने उघडलं नाही, तोही तितकाच गुन्हेगार. माझा आवाज चढला होता. कान तापले होते. न अडखळता बोललो, एकदाही पण म्हटलं नाही. आयुष्यातलं पहिलं मत, सबंध.

तो म्हणाला, अगदी बरोबर काका.

माझे डोळे भरून आले.

मग शेजारच्या खुर्चीतला माणूस म्हणाला, पण रस्ता झाला हे उत्तम झालं हो, वीस वर्षं आधीच व्हायला हवा होता. आमच्या सलूनवाल्याने आरशात त्याच्याकडे बघितलं. कात्री माझ्या कानामागे त्याच लयीत चालू होती.

अगदी बरोबर साहेब, म्हणाला.

मग माझ्या डोक्यावर दोन बोटं टेकवून म्हणाला, मान जरा खाली घ्या. मी घेतली.