रस्त्यावरून न दिसणारी भिंत

माझ्या नवऱ्याने घराला बाहेरून प्लास्टिकच्या पट्ट्या लावल्या म्हणून त्याला भर सभेत उभं केलं, आणि ज्याने उभं केलं त्याच्या स्वतःच्या घराला एका बाजूने प्लास्टिकच आहे. हे आधी लिहिते. देवाचं नाव, माझं नाव, बाकीचं सगळं यानंतर.

मी, एर्मेलिंडा बेटेंकूर, कै. सेराफिम बेटेंकूर यांची विधवा, वय एक्क्याऐंशी, राहणार रोपवॉक गल्ली, ग्रेव्हन हार्बर, मॅसॅच्युसेट्स, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाशिवाय लिहून ठेवते. शाळा अझोरेस बेटांवर तिसरीपर्यंत. पुढे इथल्या मासळीच्या कारखान्यात सुरी चालवली, म्हणून अक्षर वाईट आणि हात पक्का. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरचा कागद जोडला आहे. त्याने विचारलं, "देशाचा अध्यक्ष कोण?" मी म्हटलं, "कोण का असेना, माझ्या भिंतीला काय लावायचं ते तो ठरवत नाही, शेजारचा पीबडी ठरवतो." डॉक्टरने हसून सही केली.

माझ्या वकीलबाई डल्सी रपोझा म्हणाल्या, "एर्मेलिंडामावशी, मृत्युपत्रात एवढं तोंड सोडत नाहीत."

मी म्हटलं, "तू कायद्याचं बघ, तोंडाचं मी बघते."

कलम पहिलं. मला सेराफिमच्या शेजारी पुरावं. पेटी लाकडी, साधी. लॉरेन्स पीबडी आलाच, तर लाकूड खरं आहे की नाही ते त्याला टकटक करून बघू द्यावं.

कलम दुसरं, घर. आम्ही हे घर घेतलं तेव्हा या गल्लीत कुत्रंही राहायला तयार नव्हतं. घर लाकडाचं, एकीवर एक चढवलेल्या देवदाराच्या फळ्यांचं. समुद्राचा वारा रंग खाऊन टाकायचा. सेराफिम दिवसा होडीवर आणि सुट्टीत शिडीवर, आयुष्यभर खरवडत आणि रंगवत राहिला. मग गुडघे गेले. तेव्हा त्याने साठवलेल्या पैशातून पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणल्या आणि चारी भिंतींवर ठोकल्या. शेवटचा खिळा मारून खाली आला आणि म्हणाला, "लिंडा, आता मरेपर्यंत ब्रश हातात धरणार नाही." त्या दिवशी मी गोड पाव भाजला होता आणि तो अंगणात एकटाच नाचला होता.

गल्लीच्या तोंडाशी 'ऐतिहासिक वस्ती' असा फलक लागला होता, हे खरं. आम्हाला वाटलं, फलक फिरायला येणाऱ्यांसाठी आहे. आपल्याच घराच्या भिंतीला हात लावायला समितीची परवानगी लागते, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आमच्या बेटावर फलक लावला की गाव जुनं होतं, माणूस गुन्हेगार होत नाही.

पीबडी समितीचा अध्यक्ष. नाकाने कांदे सोलणारा माणूस. भर सभेत म्हणाला, "मिस्टर बेटेंकूर, तुम्ही या शहराच्या चेहऱ्यावर मुखवटा चढवलात."

सेराफिम टोपी हातात धरून उभा होता. म्हणाला, "साहेब, पाऊस आत येत होता."

लोक हसले. मी त्यांचे चेहरे पाहून ठेवले आहेत. काही माझ्या आधी गेले, बाकीच्यांचं वर गेल्यावर बघेन.

हुकूम झाला: प्लास्टिक उतरवा, देवदाराच्या फळ्या लावा. कारागीर लावायची ऐपत नव्हती. म्हणून म्हातारा पुन्हा शिडीवर चढला. आमचा मुलगा नॉर्बर्ट म्हणाला होता, "बाबा, शनिवारी मी येतो, शिडी धरतो." शनिवारी तो सासरच्यांबरोबर फुटबॉलचा सामना बघायला गेला. सेराफिम दुपारपर्यंत थांबला, मग एकटाच चढला. खुब्याचं हाड मोडलं. पुढची पवित्र आत्म्याची जत्रा त्याने पाहिली नाही. राहिलेली भिंत चर्चमधल्या माणसांनी पुरी केली. भिंत देखणी झाली, हे मी नाकारत नाही. पण देखण्या भिंतीला विधवेने काय करायचं?

वर समितीने पितळी पाटी पाठवली, 'उत्कृष्ट जीर्णोद्धार' अशी. ती मी आजवर कोबीच्या सूपचं गरम पातेलं टेकवायला वापरली. ती चर्चच्या स्वयंपाकघराला द्यावी, त्याच कामासाठी.

हे घर, पुढचं अंगण आणि तिथे उभ्या, अर्ध्या पुरलेल्या न्हाणीच्या टबाच्या कोनाड्यातली माता मरियमची मूर्ती (पीबडीला तिचाही त्रास होतो) माझी नात मरिसा हिला. फळ्या खरवडायला तीच आली होती. मरिसा, प्लास्टिक लावू नकोस. पीबडी म्हणतो म्हणून नव्हे. त्या खिळ्यांना तुझ्या आजोबांचा हात लागला आहे म्हणून. आणि चढशील तेव्हा खाली कुणाला तरी उभं कर.

कलम तिसरं. नॉर्बर्टला शिडी. तीच शिडी. अंगणात पडलेली होती, मी पुसून ठेवली आहे. त्याने परवा विचारलं, "आई, घर विकलं तर किती येतील?" त्याला सांगावं की शिडी विकली तर जे येईल ते त्याचं. सुनेला, शेरिलला, माझी चांदीची चमचेदानी. तिच्याशी माझं वैर नाही, सामन्याची तिकिटं तिने काढली नव्हती.

कलम चौथं. व्हरांड्याखाली उतरवलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या रचून ठेवल्या आहेत. त्या सगळ्या लॉरेन्स पीबडी यांना. वाऱ्याने त्यांच्या भिंतीची एखादी उडालीच तर कामाला येतील. रंग जुळतो. मी पाहिलं आहे.

कसं पाहिलं ते सांगते.

आमच्या घराच्या बाजूने, पीबडीच्या कुंपणाला लागून, जमिनीची एक चिंचोळी पट्टी रस्त्यापासून पाण्यापर्यंत जाते. तिच्यावर सेराफिमची पत्र्याची शेड आहे, तिच्या मागे द्राक्षांचा मांडव. पीबडीने माझ्या पडद्यांवर तक्रार केली, मरियमवर केली, वाळत घातलेल्या माशांवर केली. पण त्या गंजक्या शेडवर कधीच नाही. उलट समितीतल्या एका बाईने शेड पाडायला सांगितलं, तर हाच म्हणाला, "असू द्या हो, म्हातारीचं वय झालंय."

मरिसा म्हणाली, "वावो, ह्याला आपली शेड एवढी का आवडते गं?" आमच्याकडे आजीला वावो म्हणतात.

मी मांडवाच्या वेली छाटायच्या निमित्ताने शेडच्या मागे शिरले. पीबडीच्या घराची ती अख्खी बाजू, खालपासून छपरापर्यंत, प्लास्टिकची. वर लाकडाच्या रेषा छापलेल्या. बोटाने वाजवली, रिकाम्या डब्यासारखी वाजली. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून. आणि झाकायला शेड माझ्या नवऱ्याची!

पुढच्या सभेत मी उठून विचारलं, "पीबडीसाहेब, तुमच्या शेडमागच्या भिंतीचं काय?"

तो जागचा हललासुद्धा नाही. म्हणाला, "श्रीमती बेटेंकूर, नियम वाचत चला. सार्वजनिक रस्त्यावरून जे दिसत नाही, ते समितीच्या कक्षेत येत नाही."

पुन्हा हसले. मी खाली बसले. डल्सीकडून नियम वाचून घेतला. माणूस खोटं बोलला नव्हता. नियम खरोखर तसाच आहे, आणि फार चांगला आहे.

कलम पाचवं. म्हणून वर सांगितलेली जमिनीची पट्टी मी ग्रेव्हन हार्बर गावाला कायमची सार्वजनिक रस्ता म्हणून देते. चतुःसीमा: पूर्वेस रोपवॉक गल्ली, पश्चिमेस समुद्र, उत्तरेस माझं घर, दक्षिणेस लॉरेन्स पीबडी यांची प्लास्टिकची भिंत. हे शेवटचं खोडायला डल्सीने दोनदा सांगितलं. खोडलं नाही.

गाव नको म्हणणार नाही. पाण्यापर्यंत वाट हवी, असा गावाचा ठराव पूर्वीच झाला आहे, आणि तो मांडला पीबडीनेच; त्याची ती भिंत तेव्हा अजून लाकडाची असणार. तेव्हा त्याने जुना नकाशा फडकवला होता. जुन्या काळी गल्लीत जहाजांचे दोरखंड वळणारे याच जागेवरून धक्क्यावर जात, आणि बेटेंकूरांच्या मांडवाने इतिहास अडवला, असं म्हणाला होता. तर घे बाबा तुझा इतिहास.

शेड पाडावी. ती पाडायला मला वाईट वाटतं, एवढं एकदाच लिहिते. सेराफिमचा रंधा आणि हातोडी आधी बाहेर काढून मरिसाला द्यावीत. मांडव काढावा, पण वेलीचं एक कलम तिने पुढच्या अंगणात लावावं. वाटेवर पीबडीच्या भिंतीकडे तोंड करून एक बाक ठेवावा, कोणाही दमलेल्या माणसाला बसून निवांत बघता येईल असा. बाक लाकडाचा. माझ्या बचतीतून आधी पुरण्याचा खर्च, मग हा बाक आणि वाट. उरेल ते मरिसाला रंगासाठी.

डल्सी म्हणते, "मावशी, निकाल कुठल्या बाजूने जाईल, सांगता येत नाही. वाट नंतर झाली, भिंत आधीची आहे, असं तो म्हणेल."

म्हणू दे. मला निकाल नकोच आहे. त्याला तिथे उभं राहून ते म्हणावं लागेल, एवढंच हवंय.

हे मृत्युपत्र अमलात आणायचं काम वकील डल्सी रपोझा यांचं. याआधी मी कुठे काही लिहिलं असेल तर ते रद्द. नॉर्बर्टने रडून दाखवलं तरी यातलं काही बदलायचं नाही.

ठिकाण: ग्रेव्हन हार्बर, माझं स्वयंपाकघर.
दिनांक: १९ मार्च २०१८, सुतारांच्या संत जोसेफचा दिवस. मुद्दाम निवडला.

सही: एर्मेलिंडा बेटेंकूर

आमच्यासमोर वाचून सही केली, बाई पूर्ण शुद्धीत होत्या:
साक्षीदार: ओडेट काब्राल, केशकर्तनालय, वॉटर स्ट्रीट
साक्षीदार: फादर ऑगस्टीन मेडेरोस ('कुत्रंही' आणि 'वर गेल्यावर बघेन' हे शब्द काढावेत, अशी सूचना केली होती. मान्य झाली नाही.)

सहीनंतरची ओळ, दोन्ही साक्षीदारांदेखत: वाट उघडल्यावर समितीची जी पहिली सभा भरेल तिथे मरिसाने उठून एकच विचारावं, "साहेब, आता रस्त्यावरून दिसतंय, याचं काय?" तिला उत्तर वकिलाने द्यायचं नाही, समितीतल्या दुसऱ्या कुणी द्यायचं नाही. पीबडीने द्यायचं, अध्यक्षाच्या खुर्चीतून उठून, सेराफिम उभा होता त्या जागी उभं राहून, टोपी हातात धरून.