झाकणावरची नावं

२४ नोव्हेंबर, सोमवार
वही घेऊन पाच आठवडे झाले. पहिल्या पानावर माझं नाव आणि चहाच्या कपाचा गोल डाग, बास. रोज म्हणतो उद्यापासून. लॅबच्या शिरसाट मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं, "दिवसभर काय काय केलं ते संध्याकाळी लिहीत जा. तुम्हाला वाटतं लक्षात राहील. राहत नाही." (हात दुखतो, इथून पुढे नुसतं मॅ.) ही वही त्यांना दाखवायची नाही.

टेम्पोवर क्लीनर, शिर्डीत लॉजवर, मोबाईलचं दुकान, सहा महिने सुरत. मध्ये लॅबचा डिप्लोमा, डीएमएलटी, तोही अर्धवट सोडला. आई पुणतांब्याहून फोनवर एवढंच म्हणते, "विशाल, हे तरी पुरं कर." हे म्हणजे तीन महिन्यांचं ट्रेनिंग, नगरमधल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये. लघवी, पू, रक्त घ्यायचं, प्लेटवर पसरायचं, रात्रभर गरम पेटीत ठेवायचं, सकाळी जंतू उगवले का बघायचं. निम्मं होत आलं. अजून पळालो नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
आज दोनच युरिन माझ्याकडे. एक राहुरीचे काका, ऑपरेशनआधीची तपासणी. दुसरी तिसगावची मनीषा, माझ्याच वयाची, पाचवा महिना, चार दिवस ताप. बाटली द्यायला स्वतःच चालत आली, हाताला सलाईनची सुई तशीच.
"दादा, रिपोर्ट कदी मिळंल?"
"उद्या दुपारी."
"जरा लवकर बगा. आमची गाडी भरायचीय."
कसली गाडी ते मी विचारलं नाही.

प्लेटवर नंबर खाली लिहायचा, बुडाला. मॅ. शंभरदा सांगतात. पण माझा मार्कर तिथे ओल्यावर उमटेना. झाकणावर झकास उमटला. मग नंबर दिसावेत म्हणून प्लेटा सुलट्याच ठेवल्या पेटीत. उलट्या ठेवायच्या असतात, माहीत आहे. कंटाळा.

बसस्टँडवर एक माणूस जुनी रेडिओची पेटी उघडून बसलेला. तास गेला तिथे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी दोन्ही प्लेटांच्या झाकणांना आतून पाणी साचलेलं, थेंब थेंब. सुलट्या ठेवल्या की होतं. मॅ. यायच्या आत पुसावं म्हणून दोन्ही झाकणं काढून टिश्यूवर ठेवली. तेवढ्यात खाली कोपऱ्यावर उसाचा ट्रॅक्टर अडकला, मागे दोन ट्रॉल्या, गाणी फुल्ल, आणि ड्रायव्हर खाली उतरून नाचतोय. खिडकीत गेलो. पाच मिनिटं. जास्तही असतील.
परत आलो, झाकणं पुसली, लावली. मग सुचलं की झाकणावर नंबर बघून मॅ. ओरडतील. म्हणून झाकणावरचे नंबर बघून तेच बुडाला लिहिले (कोरडं होतं, उमटले) आणि झाकणावरचे स्पिरीटने पुसून टाकले.
मॅ. नी बुडाचे नंबर वाचले. काका: भरपूर वाढ. मनीषा: काही नाही.
"आज नीट लिहिलंस," म्हणाल्या.

२९ नोव्हेंबर, शनिवार
झोप नाही. कुठलं झाकण डाव्या हाताला ठेवलं होतं, आठवत नाही. ट्रॅक्टरवरचं गाणं मात्र पूर्ण आठवतंय.
ताप असलेल्या बाईच्या लघवीत काही नाही, आणि धडधाकट काकांच्या लघवीत रान माजलेलं. असं असू शकतं. मॅ. च म्हणतात असू शकतं. पण

रेश्माला सांगितलं. ती माझ्यासोबतच शिकते, देवळाली प्रवराहून रोज येते, घरचं सगळं आवरून, तरी माझ्याआधी. म्हणाली, "विशालभाऊ, बाटल्या फ्रिजमध्ये आहेत अजून. दुपारी टाकून देतील. आत्ता परत लाव. आणि बुडाला लिही, बाबा."
लावल्या. ती शेजारी उभी राहिली, मी लिहीपर्यंत हलली नाही.
वॉर्डात जाऊन आलो. मनीषाला कालच सुट्टी. रिपोर्ट निल, ताप उतरलेला, म्हणून इंजेक्शन बंद केलं.

३० नोव्हेंबर, रविवार
अदलाबदलच झालीय. मनीषाची प्लेट गच्च. काकांची कोरी.
मॅ. ना सुट्टी. फोन हातात घेतला, नाव काढलं, ठेवला. मनीषाच्या कागदावरचा नंबर लावला, बंद. मग तिसगावची एसटी धरली. वाटलं तिला गाठून आणलं की मॅ. ना सांगायची गरजच नाही. (हे खरं आहे, म्हणून लिहितोय.)
तिसगावात विचारत विचारत घर सापडलं. कुलूप. शेजारची बाई धान्य पाखडत होती.
"कोन पायजे?"
"दवाखान्यातून आलोय."
"आता येतोस व्हय. टोळी काल पहाटंच गेली ऊसतोडीला. ती बी गेली. कोयता दोघांचा आस्तोय, नवरा एकटा काय तोडनार?"
"कुठल्या कारखान्याला?"
"त्ये मुकादमाला इचार. राहुरीकडं म्हनत हुते. तिचं काय लई हाय का?"
मी म्हणालो, एक कागद द्यायचा राहिलाय.
"कागदासाठी एवढ्या लांब आलास," ती म्हणाली आणि सुपाकडे बघत राहिली. पाणी दिलं. मुकादमाचं गाव विचारलं तर तिला ते माहीत नव्हतं.
येताना एसटीत पहिल्यांदा खिडकी नको वाटली.

१ डिसेंबर, सोमवार
मॅ. ना सांगितलं. सगळं, स्पिरीटपर्यंत. वाटलं हाकलतील. हातातला कप खाली ठेवला आणि विचारलं, "शुक्रवारी सकाळीच कळलं होतं तुला?"
"शंका होती."
"मग तीन दिवस काय करत होतास?"
तिसगावचं सांगितलं.
"फिरायला गेलास," म्हणाल्या.
मग लगेच डॉक्टरांना फोन. काकांनाही. त्या रिपोर्टवरून सुरू केलेल्या गोळ्या बंद करा, चूक आमची आहे. काका चिडले, बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. मनीषाचा फोन तीनदा. बंद. डॉक्टर म्हणाले, दिवस गेलेल्या बाईला हे किडनीपर्यंत चढायला वेळ लागत नाही, कळाही सुरू होऊ शकतात, जिथे असेल तिथून जवळच्या दवाखान्यात न्या. तोडलेला ऊस बांधायचा, मोळी डोक्यावर घ्यायची, आणि आतून ताप.
चुकांच्या रजिस्टरमध्ये माझ्या अक्षरात लिहून घेतलं. मी लिहिलं, "झाकणं बदलली गेली." मॅ. नी खोडलं. "बदलली गेली नाहीत. तू बदललीस. आणि नंतर पुसलंस. तेही लिही." ट्रेनिंगचं काय ते ती बाई सापडल्यावर ठरवू म्हणाल्या.

२ डिसेंबर, मंगळवार
रेश्माच्या मिस्टरांचा ट्रॅक्टर राहुरीकडच्याच कारखान्याला ऊस वाहतो. त्यांना कोप्या माहीत, तोडवाले जिथे पाचटाच्या झोपड्या टाकून राहतात. मॅ. नी चिठ्ठी दिली: मनीषाचं नाव, गाव, औषध, लॅबचा पत्ता, नंबर. खाली माझंही नाव लिहायला लावलं. मी म्हणालो, मी पण जातो हुडकायला.
"तू इथेच बसायचं. आज सतरा सॅम्पल आहेत."
सतराही प्लेटांचे नंबर बुडाला. उलट्या ठेवल्या. कंटाळा आला, तरी.

३ डिसेंबर, बुधवार
मिस्टर तीन ठिकाणी जाऊन आले. एका कोपीवर लोक म्हणाले, तिसगावची टोळी आहे, पण बाया फडात. मुकादम कुणाला कामावरून सोडत नाही, बाहेरच्याशी बोलूही देत नाही, चिठ्ठी त्यानेच घेतली आणि खिशात घातली. वाचली का? माहीत नाही. मनीषा दिसली का? नाही.
रेश्मा म्हणाली, उद्या ती स्वतः जाईल, बाईमाणसाला फडात कोण अडवतंय. मॅ. डॉक्टरांशी बोलत होत्या, तिकडच्या सरकारी दवाखान्यातून कुणी जाईल का म्हणून.
आईचा फोन. "चाललंय ना नीट?" म्हणालो, जेवतोय. दुसरं काय सांगू.

४ डिसेंबर, गुरुवार
सकाळचे साडेदहा. रेश्मा निघायला पिशवी भरत होती. मी काल लावलेल्या प्लेटा पेटीतून काढत होतो, नऊ झाल्या, पाच राहिल्यात. खालून वॉचमन वर आला. म्हणतो, गेटवर जीप आलीय, चिखलाने भरलेली, एक मुकादम आहे, हातात तुमच्या लॅबची चिठ्ठी.
मॅ. नी विचारलं, "सोबत बाई आहे?"
तो म्हणाला, मागे कुणीतरी आडवं आहे, गोधडीखाली. चेहरा दिसत नाही. मुकादम खाली उतरत नाही, म्हणतो विशाल कोण आहे त्याला आधी पाठवा.
मॅ. स्ट्रेचरसाठी फोन करतायत. मी प्लेट खाली ठेवली. नंबर बघितला. आता खाली जातोय, बाकीचं संध्याकाळी लिहीन.