पहिलं नाव

बाबा, तुम्ही गेलात त्या वयाच्या पुढे मी आता आलो आहे.

सत्तरच्या दशकाच्या अखेरची ती बहारीनची वर्षं. नईम वस्तीतल्या आपल्या खोलीत शुक्रवारी तुम्ही मासे साफ करताय आणि गोदीतल्या जर्मन फोरमनने सांगितलेली गोष्ट मला पुन्हा ऐकवताय. त्यांच्या देशातला एक पुढारी, पोरवयात कारखान्यात लागलेला, युनियनपायी तुरुंगात गेलेला, पुढे निवडून येऊन थेट मजूरमंत्री झालेला. "अरे, आमच्यासारखोच फिटर! पानो धरलेल्या हातान कायदो लिवल्यान." त्याचं नाव तुम्हाला कधी धड उच्चारता आलं नाही, पण त्याचं आयुष्य तोंडपाठ होतं. मी तुमच्याच कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट. मला तुमच्या या वेडाचं हसू यायचं, आणि आतून अभिमानही वाटायचा.

त्या उन्हाळ्यात जहाजाच्या तापलेल्या पत्र्यावर दोघे जण भोवळ येऊन पडले. भर दुपारचं काम बंद ठेवा, एवढंच तुम्हा सगळ्यांचं मागणं. तुम्ही एका कागदावर सगळ्यांची नावं गोल लिहून घेतलीत, म्हणजे म्होरक्या कोण ते साहेबाला कळू नये. कागद मला देत म्हणालात, "अर्ज इंग्रजीत कर. पण नावा अशीच रवांदेत. कोणाचाच नाव पयला येवक नको."

तेलकट बोटांचा तो कागद मला गबाळा वाटला. मी नावं एकाखाली एक नीट टाइप केली आणि पहिलं तुमचं घातलं.

साहेबाने त्यावर बोट ठेवून विचारलं, "ये लीडर है?" चार दिवसांत तुमचा व्हिसा खलास. विमानतळावर तुम्ही म्हणालात, "नावा कोणी अशी लावल्यान रे?" मी म्हणालो, "ऑफिसात परत टाइप केली असतील." तुम्ही मान डोलावलीत. "असांदे. तुझ्या नोकरीक काय होवचा नाय मां?"

काही झालं नाही, बाबा. बढती मिळाली. तुम्ही मात्र गावी लोकांचे पंप दुरुस्त करत राहिलात आणि काही वर्षांतच गेलात.

कागद गबाळा होता, हे अर्धंच खरं. तुमचं नाव वर टाकताना माझ्या डोक्यात तो मंत्री होता. माझा बाप पुढारी आहे, हे साहेबाने वाचावं असं मला वाटत होतं.

हे पत्र टाकायला आता पत्ता नाही, असं म्हणून सुटता येईल. पण तुम्ही होतात तेव्हा पत्ता होता. दर महिन्याला त्यावर मी खुशाली कळवत होतो, आणि हे एकदाही लिहिलं नाही.