नवं कुलूप

रविवार, १४ मार्च

प्रिय बाळ्या,

अनेक आशीर्वाद. तुझ्या बायकोला म्हणावं, दोन जिवांची आहेस, जिने सावकाश चढ-उतर कर आणि सामान बांधायचं काम बाळ्याच्याच गळ्यात घाल. माझे गुडघे कुरकुरतात, पण हिंडतेफिरते आहे. फोनवर तुझा आवाज ऐकला की माझी बोबडी वळते, म्हणून लिहायला बसले.

तुझ्या फ्लॅटमधला गळका नळ बदलून घेतला. दाराला कुलूपही नवीन बसवलं. आता कुलपाचं निघालंच आहे तर सांगून टाकते.

तिथे भाड्याने राहणाऱ्या शिवणवाल्या बाईंना घर सोडायची नोटीस दिली, असं मी तुला म्हटलं होतं. दिली नव्हती. भाडेकरार संपला तेव्हा नवा करायचा, तेही ‘घरच्यासारख्याच तर आहेत’ म्हणून राहून गेलं. तू येणार हे सांगितलं, पण चहा पिता पिता आणि इतक्या गोडीगुलाबीने, की त्यांनी मला आणखी अर्धा कप ओतला. मग तू ट्रक ठरवून मोकळा झालास आणि माझ्या पायाखालची वाळू सरकली.

काल त्या गिऱ्हाइकांचे कपडे पोचवायला गेल्या, तेव्हा मी कुलूपवाल्याला घेऊन वर गेले. आत काही म्हणजे काही आवरलेलं नव्हतं. मशीनवर अर्धा शर्ट. बादलीत कुणाचं तरी नवं कापड भिजत घातलेलं, शिवल्यावर आटू नये म्हणून. मी काय करावं? ते पिळलं, झटकून दोरीवर नीट वाळत घातलं आणि बाहेर येऊन दाराला नवं कुलूप लावलं. माझी मलाच लाज वाटते.

संध्याकाळी बाई माझ्या दारात. “ताई, कुलूप बिघडलं वाटतं. माझी किल्लीच फिरेना.”

भांडायला मी कंबर कसून बसले होते. आणि केलं भलतंच. म्हटलं, “हो ना, बिघडलंय. उद्या माणूस येईल. आज इथेच राहा.”

तेव्हापासून माझ्या हॉलमध्ये बसून हाताने बटणं लावताहेत. माझे उसवलेले अभ्रेही शिवून टाकले. मधूनच म्हणतात, “कापड कुजेल हो बादलीत. गिऱ्हाईक जीव घेईल माझा.” ते कधीच वाळलंय, हे मला सांगताही येत नाही.

सकाळी खालच्या वकीलकाकांना गाठलं. म्हटलं, एका ओळखीच्या बाईचं विचारतेय. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, “त्या ओळखीच्या बाईला सांग, आत्ताच्या आत्ता दार उघड. परस्पर कुलूप घातलं तर कोर्ट भाडेकरणीलाच परत घरात बसवेल आणि जाब मालकाला विचारेल. घर हवं तर लेखी नोटीस द्यायची, पुरेशी मुदत द्यायची, पोच म्हणून सही घ्यायची. चहावर सांगितलेलं चालत नाही. मालक कोण?”

“भाऊ,” मी म्हटलं.

तुझं पहिलं घर, आणि त्याला कोर्टाची पायरी दाखवायला मीच निघाले होते, बाळ्या. म्हणून आता ट्रक माझ्या दारात आण. मागची खोली रिकामी करते. बाळ इथेच आलं तर येऊ दे. नोटीस काकांकडून लिहून घेते, म्हणजे बाईंनाही दुसरं घर शोधायला वेळ मिळेल. माझ्यावर रागाव, हवं तितकं रागाव. त्यांच्यावर मात्र नको, त्यांचा काही दोष नाही.

आत्ताच त्या दारातून डोकावल्या. “ताई, येतोय ना हो कुलूपवाला?”

नवी किल्ली माझ्या मुठीत आहे. हे पाकीट चिकटवते आणि सगळं खरं सांगून ती त्यांच्या हातात ठेवते. तुला लिहिणं त्या मानाने सोपं गेलं. तू समोर नाहीस.

तुझी, आणि अजून थोडा वेळ त्यांचीही,
ताई